कोरा प्रयोग

माझ्या प्रयोगशाळेत एक रीत होती आणि ती मीच घातली होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी सापडत नाही. चांगली भांडी, चांगला तराजू, चांगली उपकरणं खऱ्या प्रयोगासाठी आणि उरलंसुरलं कोऱ्या प्रयोगासाठी. कोरा प्रयोग म्हणजे ज्यात सगळं तसंच करायचं, फक्त ज्याची परीक्षा घ्यायची तो पदार्थ तेवढा घालायचा नाही. काही न घालता काही घडत नाही, एवढी खात्री करून घेण्यापुरता तो असतो. आता ज्या कामातून काहीच निघणार नाही हे आधीच ठरलंय, त्याला चांगलं भांडं कोण देईल? पाहुण्यांचे कप वेगळे आणि घरच्यांचे कान तुटलेले वेगळे, त्यातलाच हा प्रकार. शिवाय कोरा प्रयोग नेहमी सगळ्यात नवीन विद्यार्थ्याच्या गळ्यात पडायचा. अठ्ठावीस वर्षं हे असं चाललं आणि कुणाला खटकलं नाही. मला तर नाहीच नाही.

मी रसायनशास्त्राचा प्राध्यापक. हे घडलं तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. विद्यार्थी माझ्या पाठीमागे मला ‘भट्टी’ म्हणायचे. पण भट्टी निदान लावलेल्या अंशावर थांबते, मी थांबत नसे. आयुष्यभरात मी चाळीसेक शोधनिबंध छापले. त्यातले बहुतेक मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनीच वाचले, आणि त्यांनीही नाइलाजाने. आपण असेच निवृत्त होणार, निरोपाच्या सभेत लोक आपल्या वक्तशीरपणाबद्दल बोलणार, हे मी मनाशी मान्यही केलं होतं. तेवढ्यात काळी पूड हाती लागली.

पुडीबद्दल थोडं सांगावं लागेल, पण थोडंच. साखरेचा आजार असलेल्या माणसाची जखम भरत नाही, त्याचं एक कारण असं की तिच्यात हायड्रोजन पेरॉक्साइड साठून राहतं आणि प्राणवायू कमी पडतो. एरवी शरीरातच एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम, ते पेरॉक्साइडचं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. खरचटलेल्या गुडघ्यावर औषधाच्या दुकानातलं पेरॉक्साइड ओतलं की फसफसून फेस येतो, तो त्याचाच उद्योग. पण हे विकर भारी नाजूक. ऊन लागलं, वेळ गेला, जागा बदलली की रुसून बसतं. म्हणून माझ्यासारखे लोक धातूचे कण बनवतात, इतके बारीक की केसाच्या जाडीत दहा हजार शेजारी शेजारी बसावेत, आणि त्यांच्याकडून तेच काम करून घेतात. कण स्वतः खर्ची पडत नाहीत. दोघांचं भांडण मिटवून स्वतः जसाच्या तसा बाहेर पडणारा मध्यस्थ असतो ना, तसं त्यांचं असतं.

प्लॅटिनमचे कण हे काम झकास करतात, पण प्लॅटिनम म्हणजे दागिन्यातली वस्तू. आमच्या पुडीची सगळी ऐट यातच होती की तिच्यात प्लॅटिनमचा मागमूस नव्हता. अक्रोडाच्या टरफलांचा कोळसा आणि त्यात पेरलेलं साधं लोखंड. पेरॉक्साइडच्या द्रावणात चिमूटभर टाकून ढवळायला लावलं की भांड्याच्या गळ्यापर्यंत फेस. “कचरा आणि गंज घेऊन आम्ही प्लॅटिनमला मागे टाकलंय,” असं मी भाषणात म्हणायचो आणि मग जरा थांबायचो, कारण तिथे टाळ्या पडायच्या. हे वाक्य आठवलं की अजूनही माझी कानशिलं तापतात.

ढवळण्याचं कामही हाताने करत नाहीत. भांड्यात चुंबकाची एक गोळी टाकतात, लांबट, कॅप्सूलसारखी, वरून टेफ्लॉनचं पांढरं आवरण असलेली. भांडं यंत्रावर ठेवलं की खालचं चुंबक फिरतं आणि त्याच्या नादाने वरची गोळी फिरते. आमच्याकडे अशा बऱ्याच गोळ्या होत्या, पण त्यातली एक खास होती. तिला सगळे ‘म्हातारी’ म्हणायचे. अंगठ्याच्या पेराएवढी, पंधरा-सोळा वर्षं वापरलेली, मूळची पांढरी पण आता राखाडी, अंगभर ओरखडे. नव्या स्वस्तातल्या गोळ्या वेग वाढवला की भांड्यात थयथयाट करायच्या. म्हातारी मात्र एका जागी उभी राहून संथपणे गरगरायची. साहजिकच ती खऱ्या प्रयोगासाठी राखीव होती. कोऱ्या प्रयोगाला नाचऱ्या गोळ्या.

निबंध छापून आला. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, त्यात मी रिकाम्या परीक्षानळीकडे कौतुकाने बघतोय. फोटोवाल्याला तसंच हवं होतं. शहरातल्या मोठ्या इस्पितळाने पुडीचं मलम जखमांवर लावून बघायची तयारी दाखवली. माणसावर प्रयोग करायचा तर समितीची परवानगी लागते. समिती आमचे कागद वाचत होती आणि महिन्याभरात पत्र येईल असा रंग होता.

सगळ्यात जास्त आनंद दादाला झाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. चौतीस वर्षं त्याने बस चालवली. बोलायला मोठा, हसायला मोठा, आणि माझ्याबद्दल बढाया मारायला त्याला माणूस लागत नाही, भिंत असली तरी चालते. वर्तमानपत्रातला तो फोटो त्याने कापून खिशात ठेवला आणि आगारातल्या जुन्या सोबत्यांना, न्हाव्याला, जिन्यातल्या शेजाऱ्यांना, सगळ्यांना दाखवून झाला.

त्याला साखरेचा आजार पंधरा वर्षं जुना. त्या सुमारास नव्या बुटाने त्याच्या उजव्या पायाच्या करंगळीला फोड आला, फोडाची जखम झाली आणि जखम काळी पडायला लागली. वहिनीने जवळजवळ ओढतच त्याला इस्पितळात नेलं. मीही बरोबर गेलो. सर्जनबाई कमी बोलणाऱ्या होत्या. पाय नीट बघून म्हणाल्या, “काका, करंगळी काढावी लागेल. याच आठवड्यात काढली तर बाकीचा पाय सुरक्षित राहील.”

“थांबू की महिनाभर,” दादा म्हणाला. “याच्या औषधाला परवानगी मिळतेय. हा माझा धाकटा भाऊ. पेपरात आलं होतं याचं.” आणि त्याने खिशातून कात्रण काढलं.

बाईंनी कात्रण न बघता माझ्याकडे बघितलं. “महिना फार होतो,” त्या म्हणाल्या.

मी काय बोलायला हवं होतं ते शाळकरी पोरालाही कळलं असतं. माणसावर अजून एकदाही न लावलेल्या औषधासाठी कुणी पाय अडवून धरू नये. पण त्या खोलीत, त्या दिव्याखाली, एक डॉक्टर माझ्याकडे बघत होती आणि माझा भाऊ माझ्यामुळे छाती फुगवून बसला होता. मी म्हणालो, “पत्र तसं कधीही येईल. कदाचित आधीच.” बाईंनी जंतू मारणाऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि रंग बदलला तर ताबडतोब या असं बजावलं. बाहेर आल्यावर दादाने माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. मला त्या वेळी फार बरं वाटलं, हे कबूल करतो.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी धाकटी माझ्या दारात येऊन उभी राहिली. माझ्याकडे तेव्हा दोन विद्यार्थिनी होत्या. एक पाच वर्षं काम केलेली, तिला आम्ही थोरली म्हणायचो. दुसरी चार महिन्यांपूर्वी आलेली, ती धाकटी. थोरली रजेवर होती. धाकटीकडे अर्थातच कोरे प्रयोग होते.

“सर, कोऱ्यात फेस आलाय.”

“भांडं घाण असेल.”

“तीनदा धुतलं.”

“मग चौथ्यांदा धू.”

ती हलली नाही. “सर, तुम्ही एकदा बघता का?”

मी उठलो, पण चिडूनच उठलो. टेबलावर भांड्यात नुसतं पेरॉक्साइडचं द्रावण होतं, पूड नाही की काही नाही, आणि फेस गळ्यापर्यंत चढून कडेने टेबलावर ओघळत होता. खाली म्हातारी शांतपणे फिरत होती.

“ही कुणी दिली तुला?”

“माझी गोळी धुताना बेसिनच्या भोकात गेली, सर. ही मोकळीच होती.”

“कुणाला विचारलंस?”

“तुम्ही जेवायला गेला होता.” मग जरा थांबून, चेहरा अगदी साधा ठेवून ती म्हणाली, “सर, नवी गोळी घेऊन त्यात पूड घालून बघू का?”

मी हो किंवा नाही म्हणायच्या आत तिने ते केलंही. नाचरी गोळी, ताजं द्रावण, मापून घेतलेली पूड. पूड पाण्यात पसरली, पाणी काळं झालं, गोळी थयथय नाचली. आम्ही दोघं वाकून बघत होतो. बऱ्याच वेळाने एक बुडबुडा आला, तोही उपकार केल्यासारखा.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. रसायनशास्त्रात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला हे कळायला क्षणही जास्त झाला. फेस पुडीचा नव्हता, म्हातारीचा होता. आमच्या प्रत्येक खऱ्या प्रयोगात म्हातारी होती आणि एकाही कोऱ्या प्रयोगात नव्हती, कारण कोऱ्या प्रयोगाला चांगली वस्तू द्यायची नाही ही माझी रीत. पाच वर्षं आम्ही एका गोळीची करामत पुडीच्या नावावर लिहीत होतो.

कळलं आणि मी धाकटीवर तुटून पडलो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. निष्काळजी म्हणालो, आगाऊ म्हणालो, तिला बारावीला रसायनात कुणी पास केलं असंही विचारलं. तिने खाली बघून सगळं ऐकून घेतलं आणि मग भांडी धुवायला घेतली. तिने काही चूक केली असती तर मी एवढा ओरडलो नसतो.

मग नऊ दिवस मी काय केलं ते ऐका. मंगळवारी पाणी बदललं. आमचं पाणी खराब असणार, अशी माझी खात्री होती, म्हणजे मी ती करून घेतली होती. बुधवारी पेरॉक्साइडची नवी बाटली फोडली. गुरुवारी थोरली परत आली, तिला सगळी पूड पुन्हा पहिल्यापासून बनवायला सांगितली, कारण जुनी शिळी झाली असेल. कोळसा शिळा होतो हा शोध मी तेव्हा लावला. शनिवारी नवी पूड तयार झाली आणि ती जुनीपेक्षाही थंड निघाली. सोमवारी मी हवेतल्या दमटपणाला धरलं. थोरली माझ्याकडे बघायची नाही, बाटल्यांवरची लेबलं वाचत बसायची. म्हातारीचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही आणि मी तर तिच्या खणाकडे फिरकतही नव्हतो. समितीला एक ओळ लिहायला पाच मिनिटं लागली असती. मी ती पाच मिनिटं नऊ दिवस लांबवली.

आणि रोज संध्याकाळी साडेसहाला दादाचा फोन.

“काय छोट्या, कुठवर आलं?”

“चाललंय.”

“घाई करू नको हं. तुझं काम तू नीट कर. माझा पाय कुठे पळून जातोय?”

पहिल्या दिवशी मी म्हणालो चाललंय. दुसऱ्या दिवशी म्हणालो चाललंय. सहाव्या दिवशी तो खुशीत होता. “आता दुखतच नाही रे अजिबात. तुझं औषध यायच्या आधीच बरं होतंय बहुतेक.” साखरेच्या आजारात पाय दुखायचा थांबतो तेव्हा पाय बरा झालेला नसतो, नस मेलेली असते. हे मी माझ्या निबंधाच्या पहिल्या पानावर स्वतः लिहिलेलं होतं. फोनवर मी म्हणालो, “पण डॉक्टरांना दाखवून ये की एकदा.” तो म्हणाला, “पत्र आल्यावरच जातो, एका फेरीत दोन्ही कामं होतील.” मी बरं म्हणालो आणि फोन ठेवला. त्या दिवशी मला स्वतःची जी शिसारी आली तिला अजूनही उतार पडलेला नाही.

बुधवारी, म्हणजे नवव्या दिवशी, धाकटी पुन्हा दारात आली. या वेळी तिच्या हातात एक कागद होता. शेजारच्या इमारतीत मोठं सूक्ष्मदर्शक यंत्र होतं, धातूंचे कण कुठे आहेत आणि कुठल्या धातूचे आहेत हे सांगणारं. तिने मला न विचारता तिथल्या तंत्रज्ञाच्या पाया पडून म्हातारीला त्याखाली ठेवलं होतं.

कागदावर म्हातारीच्या अंगावरचा एक ओरखडा होता, दरीएवढा मोठा दिसणारा, आणि त्या दरीत ठिपकेच ठिपके. खाली लिहिलं होतं, प्लॅटिनम.

पंधरा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा प्लॅटिनमवर काम करायचा. पुढे तो रंगाच्या कारखान्यात लागला आणि आता तिथे मोठा साहेब आहे. त्याच्या द्रावणांमधून म्हातारी वर्षभर फिरली होती. साध्या साबणाने आणि आम्लाने प्लॅटिनम जात नाही. ते ओरखड्यांत घट्ट बसून राहिलं आणि कुणी पेरॉक्साइडमध्ये टाकलं की इमानेइतबारे काम करत राहिलं. मी जगाला सांगत हिंडलो की आम्ही प्लॅटिनमला मागे टाकलंय. आमचं सगळं काम प्लॅटिनमच करत होतं, आणि तेही पंधरा वर्षांपूर्वीचं, कुणाच्या तरी उष्ट्या भांड्यातलं.

मी कागद बराच वेळ धरून बसलो. पुन्हा ओरडेन असं तिला वाटलं असणार, ती दाराला टेकूनच उभी होती.

“सर,” ती म्हणाली, “इस्पितळाला आजच कळवायचं ना? म्हणजे कुणी आपल्या औषधाची वाट बघत थांबलं असेल तर?”

तिला दादाबद्दल काहीच माहीत नव्हतं. प्रयोगशाळेत मी घरचं काही बोलत नसे. तिने सहज विचारलं, कुठलाही शहाणा माणूस विचारेल तसं. मी म्हणालो, “हो. आजच.” समितीला पत्र लिहिलं, मासिकाला दुसरं लिहिलं, निबंध मागे घेतो म्हणून. दोन्ही मिळून वीस मिनिटं लागली. मग म्हातारी रुमालात गुंडाळली, पुडीची बाटली खिशात टाकली आणि दादाच्या घरी गेलो.

वहिनीने दार उघडलं आणि मला तो वास आला. वहिनीने खिडक्या सताड उघड्या ठेवल्या होत्या, तरी आला. दादा खुर्चीत, पाय स्टुलावर, पायाला भलामोठा पांढरा गुंडाळा.

“आलं पत्र?” तो ओरडला.

“नाही, दादा. पत्र येणार नाही. पूड कामाची नाही.”

मी त्याला सगळं सांगितलं. गोळी, ओरखडे, रंगाच्या कारखान्यातला मुलगा, सगळं. त्याने मान तिरकी करून ऐकलं आणि मग गडगडाटी हसला.

“अगं, ऐकलंस का? हा पहिल्यापासून असाच. शाळेत गणिताच्या पेपरातून रडत घरी यायचा, गेला म्हणायचा पेपर, आणि पैकीच्या पैकी!” मग मला म्हणाला, “अरे, पेपरात छापलंय, ते काय उगाच? तू जरा स्वतःवर विश्वास ठेवायला शीक.”

आयुष्यभर मी याला आपण किती मोठे ते दाखवत आलो होतो. आता लहान आहे म्हणून सांगितलं तर तो ऐकून घ्यायला तयार नव्हता. शेवटी मी वहिनीकडे दोन काचेचे पेले मागितले. जखम धुवायला आणलेलं पेरॉक्साइड घरात होतंच. दोन्ही पेल्यांत सारखं ओतलं. एकात पूड टाकून चमच्याने ढवळली. पाणी काळं झालं, बस. दुसऱ्यात म्हातारी सोडली. फेस कडेपर्यंत आला आणि टेबलावर उतरला.

दादाने चष्मा लावून दोन्ही पेले बघितले. मग म्हणाला, “मग हीच बांध ना माझ्या पायाला.”

“अहो!” वहिनी म्हणाली.

“चेष्टा नाही करत. ही काम करतेय ना?”

“दादा, ती लोखंडाची कांडी आहे. ढवळायची. प्लॅटिनमचं मलम बनवणारे लोक आहेत, पण ते माणसांपर्यंत यायला वर्षं जातील. तुझ्याकडे वर्षं नाहीत. चल, आत्ता इस्पितळात जाऊ.”

आता तो हसला नाही. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत लावला. दादाने चौतीस वर्षं आरशातून मागचं बघत गाडी चालवली होती. बोलणारा माणूस काय झाकतोय ते त्याला लवकर कळतं.

“तुला कळलं कधी?”

“आज पक्कं झालं. धाकटीने कागद आणला...”

“पक्कं नाही विचारलं. कळलं कधी?”

मी त्याच्या पायाकडे बघत होतो. “गेल्याच्या गेल्या सोमवारी.”

वहिनी बोटांवर मोजत होती. तिने नऊपर्यंत मोजलं आणि पदराने पेल्याखालचं ओलं पुसायला लागली. पुसून झालं तरी पुसतच राहिली.

“रोज फोन करत होतो मी,” दादा म्हणाला.

“हो.”

“आणि तू म्हणायचास, चाललंय.”

“हो.”

त्याने मला शिव्या घालाव्यात असं मला मनापासून वाटत होतं. त्याने एखादा पेला फेकून मारला असता तरी मी हललो नसतो. मला रडू फुटलं, चांगलं हुंदके देऊन, साठीला टेकलेल्या माणसाला शोभणार नाही असं. दादाने ते थोडा वेळ बघितलं.

“भावजींना पाणी दे,” तो वहिनीला म्हणाला. “आणि माझी काठी कुठाय?”

सर्जनबाईंनी गुंडाळा सोडला. करंगळी तर काळी होतीच, आता शेजारची दोन बोटंही काळवंडली होती आणि तळव्यावर वरपर्यंत लाल पट्टा गेला होता. बाईंनी हातमोजे काढले, बादलीत टाकले आणि खुर्ची ओढून दादासमोर बसल्या.

“काका, आता करंगळीवर भागणार नाही. पुढचं अर्धं पाऊल काढावं लागेल. टाच वाचवू. उद्या सकाळीच करू या.”

“गेल्या आठवड्यात आलो असतो तर?” दादाने विचारलं.

“तर एक बोट,” बाई म्हणाल्या. त्या उगाच गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

दादाने मान हलवली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. ज्या पावलाने त्याने हजारो माणसं घरी पोचवली, ज्या पावलाने कधी कुणाला धक्का बसेल असा ब्रेक मारला नाही, ते पाऊल आमच्या तिघांच्या मधे उघडं पडलं होतं.

बाईंनी फॉर्म पुढे घेतला. नाव, वय, औषधं, ॲलर्जी, एकेक भरत गेल्या. मग एका रकान्यावर थांबल्या. “सांगितलं होतं तेव्हा शस्त्रक्रियेला आला नाहीत. उशिराचं कारण लिहावं लागतं. काय लिहू?”

“भीती वाटली,” दादा लगेच म्हणाला. “कापाकापीची. म्हणून आलो नाही.”

माझा दादा कशालाच घाबरत नाही. वळणाच्या घाटात ब्रेक निकामी झाले तेव्हा पन्नास माणसांची गाडी त्याने चढावर घालून थांबवली होती आणि खाली उतरून चहा मागितला होता. मला ते सहन होईना.

“खोटं आहे ते,” मी म्हणालो. “तो घाबरला नव्हता. माझ्यासाठी थांबला होता. माझं औषध खोटं निघालं, मला ते नऊ दिवसांपूर्वी कळलं होतं आणि मी त्याला सांगितलं नाही. हे लिहा.”

बाईंचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दादाकडे. “नक्की काय लिहायचं?”

“पाय माझा आहे ना, डॉक्टर?” दादा म्हणाला. “मग मी सांगतोय ते लिहा.”

त्यांनी लिहिलं, रुग्णाला भीती वाटल्याने उशीर. खाली जवळच्या नातेवाइकाने वरील मजकूर खरा आहे म्हणून सही करायची होती. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. बाईंनी कागद माझ्यापुढे सरकवला आणि मी सही केली.